समता वाचनालयाची पितळी पाटी

कंट्रोलचं झाकण उघडलं तर आत उंदराचं घरटं होतं. घरटं मशीनच्या मॅन्युअलच्या कागदांचं होतं. म्हणजे मॅन्युअल मिळालं, पण ते उंदरांनी आमच्याआधी संपवलं होतं.

"मॅडम, व्हईल ना चालू?" मिसाळभाऊंनी विचारलं.

"मशीन होईल. हा डबा नाही होणार."

"डबा म्हंजी?"

"मशीनचा मेंदू."

मिसाळभाऊंनी डब्यात डोकावून पाहिलं. "मेंदूच नाय म्हन्ता? मग लिलावात मला काय दिलं ओ त्यांनी?"

भगवान मिसाळ मूळचे पाचोडचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हे मात्र आयटीआय करून चिकलठाण्याच्या एका टूलरूममध्ये फिटर म्हणून लागले आणि पुढं एमआयडीसीतच पत्र्याची शेड घेऊन नेमप्लेटी बनवायला लागले. वाळूजकडं रोज नवी कंपनी उभी राहत होती आणि प्रत्येक कंपनीला दारावर, मशीनवर, साहेबाच्या टेबलावर पाट्या लागत होत्या. एका कंपनीनं आपल्या ट्रेनिंग सेंटरमधलं जुनं सामान लिलावात काढलं. त्यात हे मशीन होतं. टेबलावर मावेल एवढं सीएनसी मिलिंग मशीन. मिलिंग म्हणजे फिरणारं कटर धातू खरवडत जातं, आणि सीएनसी म्हणजे ते कुठं खरवडायचं हे माणूस नाही, संगणक ठरवतो. परदेशात लोक असली मशीनं हौस म्हणून घरी ठेवतात म्हणे. आमच्याकडं हौसेला एवढी जागा कुणाकडं?

मी तेव्हा कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये सर्व्हिस इंजिनियर होते. जुन्या मशीनचा मेंदू काढून नवा बसवायचा, याला आम्ही रेट्रोफिट म्हणायचो. आमचे बॉस पाठक साहेब शेडमध्ये आले, मशीनकडं वरून पाहिलं आणि म्हणाले, "कुलकर्णी, हे खेळणं आहे. पटकन उरका."

"सर, खेळणंही मोडतं."

"मोडलं तर सांगू नका," असं म्हणून ते स्कूटरला किक मारून गेले.

मिसाळभाऊंची घाई मात्र वेगळ्याच कारणासाठी होती. ते कारण दुसऱ्या दिवशी सायकलवर बसून आलं. पांढरा सदरा, जाड भिंगाचा चष्मा, सायकलच्या कॅरिअरला पोत्यात गुंडाळलेली जड वस्तू. मिसाळभाऊ स्टुलावरून ताडकन उठले आणि हात मागं बांधून उभे राहिले. पन्नाशीतला माणूस एका क्षणात पहिलीत गेला.

"हे साळवे गुरुजी," ते हळूच म्हणाले. "पाचोडला मला पहिलीला व्हते."

गुरुजींनी पोतं सोडलं. आत पितळेची जाड पाटी होती, अजून कोरी. छावणीपलीकडच्या त्यांच्या वस्तीत गुरुजी वाचनालय चालवत. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा पेटला होता तेव्हा ते तुरुंगात जाऊन आले होते. त्याच काळात कुणीतरी वाचनालयाच्या रंगवलेल्या पाटीला डांबर फासलं. गुरुजींनी ती उतरवली आणि जाहीर केलं, की विद्यापीठाच्या दारावर नवं नाव लागेपर्यंत आपल्याही दारावर पाटी लागणार नाही. वर्षांमागून वर्षं गेली. पहिलीपासून तिथं येणारी पोरं कॉलेजात गेली, नोकरीला लागली. वाचनालयाला मात्र सगळे 'बिनपाटीचं' म्हणत राहिले. त्या हिवाळ्यात नामांतर झालं आणि वस्तीत पाटीची गडबड सुरू झाली. घराघरातून मोडकी पितळी भांडी गोळा झाली. कुणाचा तांब्या, कुणाची परात, एका आजीबाईंनी तर चांगलं धडधाकट ताट दिलं. ती सगळी वितळवून ही एकच पाटी ओतली होती.

"रंग खरवडता येतो, डांबर फासता येतं," गुरुजी मला म्हणाले. "आम्हाला खोडता येणार नाही असं नाव पाहिजे, बाई. कोरलेलं. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. तरुणपणी जीभ फार लवकर हलते.

काम तसं सरळ होतं. उंदराचं घर मी सन्मानानं बाहेर ठेवलं. जुने बोर्ड काढले, मोटरींना करंट देणारी नवी ड्रायव्हर कार्डं बसवली आणि त्यांना ऑफिसातला एक जुना पीसी जोडला. पाटी ज्यावर बांधायची ते मशीनचं टेबल हलवणाऱ्या मोटरींना स्टेपर म्हणतात. संगणकानं एक टिचकी दिली की मोटर एक बारीक पाऊल टाकते. हजार टिचक्या, हजार पावलं. हिशोब सोपा, पण एक गोम आहे. पाऊल खरंच पडलं की नाही, हे संगणक बघत नाही. हुकूम दिला म्हणजे काम झालं असं तो धरून चालतो. सरकारी कचेरीसारखंच.

ड्रायव्हर कार्डावर एक चिमुकला स्क्रू असतो. तो फिरवला की मोटरला मिळणारा करंट कमी-जास्त होतो. मी तो सेट करत असताना मिसाळभाऊ खांद्यावरून डोकावत होते.

"ह्यानं काय व्हतं, मॅडम?"

"मोटरचा जोर कमी-जास्त होतो."

एवढंच सांगितलं. यापुढं आणखी एक वाक्य सांगायला हवं होतं, ते नंतर कळलं.

खरा घोळ अक्षरांचा होता. त्या काळात आमच्या पीसीला मराठी येत नव्हतं. अक्षराच्या प्रत्येक वळणाचे आकडे हातानं टाकायचे. त्यासाठी गुरुजी ग्राफ पेपर घेऊन बसले. अक्षर असं, की बघत राहावं. मी आकडे टाकत गेले आणि ते शेजारी बसून क्रम सांगत गेले.

"'स'ची गाठ आधी. मग तिरकी रेघ. मग दांडा. कुलकर्णीबाई, दांडा वरून खाली. खालून वर नाही."

"मशीनला काय फरक पडतो, गुरुजी?"

"मशीनला पडत नसेल. मला पडतो."

'समता वाचनालय' एवढंच लिहायचं होतं. सगळी अक्षरं झाली आणि शेवटी वरची शिरोरेघ, डावीकडून उजवीकडं, एका दमात. शाळेत असंच शिकवतात. आधी शब्द लिहायचा, मग त्याच्या डोक्यावर रेघ ओढायची. मलाही असंच शिकवलं होतं, मिसाळभाऊंनाही. त्यामुळं आम्हा तिघांपैकी कुणालाच त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. इंग्रजी नाव असतं तर हा प्रश्नच आला नसता.

संध्याकाळी लाकडी फळीवर ट्रायल घेतली. झकास. गुरुजींनी फळीवरून बोट फिरवलं आणि मिसाळभाऊंना म्हणाले, "भगवान, तुझ्यापेक्षा मशीनचं अक्षर बरं आहे."

दुसऱ्या दिवशी पितळ. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीचं अनावरण. आम्ही पाटी घट्ट बांधली, तेल सोडलं आणि मशीन चालू केलं. कटर पितळ खरवडायला लागलं, पिवळा चुरा उडायला लागला. तेल आणि चुरा यांच्या चिखलात खाली काय उमटतंय ते धड दिसत नव्हतं. जे दिसत होतं ते शिरोरेघेविना, आणि शिरोरेघ नसलेली अक्षरं नेहमी अशीच अधांतरी दिसतात. म्हणून आम्ही निवांत चहा पीत बसलो. गुरुजींनी मिसाळभाऊंना ते पहिलीत किती मार खायचे याची उजळणी करून दिली.

शेवटची रेघ संपली. मशीन थांबलं. मिसाळभाऊंनी फडक्यानं पाटी पुसली आणि फडकं हातात तसंच धरून उभे राहिले.

अक्षरं जिना उतरावा तशी एकेक पायरी खाली खाली गेली होती. आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, सगळ्यात खालच्या पायरीवरून निघालेली. 'लय' या शेवटच्या दोन अक्षरांवर ती अगदी बरोबर बसली होती. त्याआधीच्या अक्षरांची तिनं मुंडकी उडवली होती. आणि 'समता' या शब्दाच्या बरोबर मधून आरपार गेली होती, मास्तरांनी चुकलेल्या शब्दावर लाल पेन्सिलीनं काट मारावी तशी. ठळक, सरळ, खोल.

समता खोडली होती. तीसुद्धा कोरून.

मला भीती वाटली. ती कामातल्या चुकीची नव्हती. चुका रोजच व्हायच्या. शहर नुकतंच कुठं शांत होत होतं. नामांतरावरून घरं पेटलेली, माणसं मेलेली सगळ्यांनी पाहिली होती. अशा वेळी घराघरातल्या भांड्यांच्या पितळेवर 'समता' खोडली जाते, आणि खोडणाऱ्या इंजिनियरबाईचं आडनाव काय, तर कुलकर्णी. हे कुणाला तांत्रिक बिघाड म्हणून कसं समजवायचं? स्टेपर मोटरचा तास घ्यायचा का चौकात?

मी पाठक साहेबांना फोन लावला.

"किती खराब झालीय?" त्यांनी विचारलं.

"'समता' शब्दावर काट बसलीय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एकदम, "ती पाटी शेडबाहेर जाता कामा नये! लपवा! वितळवा!"

"सर, उद्या सकाळी अनावरण आहे."

"मग तुम्ही आजारी पडा, कुलकर्णी!" आणि फोन ठेवला.

परत वळून बघते तर मिसाळभाऊ दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरून गुरुजींसमोर उभे. डोळे भरलेले. "गुर्जी, माझ्या शेडमधी झालं हे. अख्ख्या वस्तीची भांडी व्हती ओ."

गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला आणि पाटीवर वाकले. वाकलेल्या गुरुजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. हसता हसता ठसका लागला, मिसाळभाऊंनी कान सोडून पाणी आणलं.

"इतकी वर्षं लोकांनी डांबर फासलं, दगड मारले," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "पण इतकं सरळ कुणाला खोडता आलं नव्हतं!"

त्या हसण्यानं माझे पाय जमिनीला लागले. आयुष्यात कुणाचे इतके आभार मला कधी मानावेसे वाटले नाहीत. मानले नाहीत, कारण कामाला लागायचं होतं.

आकडे तपासले. बरोबर. मग टेबल नुसतंच वर-खाली पळवून पाहिलं. हळू चालवलं की बरोबर, पळवलं की कमी पडायचं. कटर अक्षर कापताना हळू चालतं, पण एक अक्षर संपलं की पुढच्याच्या डोक्याशी झपकन उडी मारतं. ही वरची उडी दर वेळी थोडी तोकडी पडत होती. मोटर काही पावलं गाळत होती आणि संगणकाला त्याचा पत्ता नव्हता. म्हणून प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा खाली. पण आदल्या संध्याकाळी फळीवर हे झालं नव्हतं. मग रात्रीत काय बदललं?

मी मोटरला हात लावला. मोटर गार होती. मडक्यातल्या पाण्यासारखी गार.

"मिसाळभाऊ, तुम्ही इथं काही केलंत?"

"म्या? नाय."

"भगवान," गुरुजी म्हणाले. फक्त तेवढंच.

"थोडंसं केलं, गुर्जी." मिसाळभाऊंचे हात परत मागं गेले. "काल तुमी गेल्यावर मोटरीला हात लावला, तर लई तापलेली. माझ्या बापानं शिकिवलं, मेंढराचा कान तापला की जनावर आजारी. त्याला चालवायचं नाय. आधी म्या ओलं फडकं ठिवलं. फरक पडंना. मग मॅडमनं दावलेला त्यो स्क्रू जरा ढिला केला. म्हन्लं, बिचारीचा जोर कमी करावा. तवा कुठं ताप उतरला."

इथं ते राहिलेलं वाक्य सांगते. स्टेपर मोटर गरम होते. हात जेमतेम ठेवता येईल इतकी होते. तेच तिचं निरोगीपण. जागेवर नुसती उभी असली तरी ती जोर लावून उभी असते, म्हणून तापते. गार मोटर म्हणजे अंगात त्राण नसलेली मोटर. लाकूड कापताना तिला ताप होता, पितळ कापताना मिसाळभाऊंनी तो उतरवला होता.

"म्हंजी ती बरी व्हती, आन्‌ म्या आजारी पाडली?" मिसाळभाऊ म्हणाले.

"तसंच म्हणायचं."

स्क्रू परत जागेवर आला. आता पाटीचं काय? दुसरं पितळ नाही. मी पाटी उलटी केली. मागची बाजू मिसाळभाऊंनी आधीच साफ करून सपाट केलेली होती आणि कोरीव काम खोल असलं तरी पाटी चांगली जाड होती.

"गुरुजी, या बाजूला कोरता येईल. ती बाजू भिंतीकडं जाईल. कुणाला दिसणार नाही."

गुरुजींनी पाटी एकदा इकडून, एकदा तिकडून पाहिली. "समोर कोरलेली, मागं खोडलेली. गावोगाव समता अशीच तर आहे. कोरा."

"फक्त या वेळी शिरोरेघ आधी मारायची."

"नाही." आतापर्यंत सगळं हसण्यावारी नेणारा माणूस एकदम ताठ झाला. "जन्मभर मी पोरांना सांगत आलो. रेघ आधी मारली की अक्षर तिला लोंबकळतं. अक्षर आधी आपल्या पायावर उभं राहिलं पाहिजे. रेघ म्हणजे टोपी. टोपी आधी आणि डोकं नंतर, असं असतं का कुठं?"

"गुरुजी, मशीन आंधळं आहे. रेघ आधी असती तर 'म' तिच्यापासून सुटलेला आपल्याला लगेच दिसला असता. तिथंच थांबवलं असतं. रेघ शेवटी मारली म्हणून चूक शेवटी कळली."

"मोटर दुरुस्त झाली ना? मग आता चूक होईलच कशी?"

"होणार नाही. पण झाली तर दिसली पाहिजे."

गुरुजींनी ग्राफ पेपर पुढं ओढला. विद्यापीठाच्या नावासाठी एवढी वर्षं न वाकलेला हा माणूस एका रेघेसाठी वाकेल असं मला वाटेना. मिसाळभाऊ आळीपाळीनं आमच्या दोघांकडं बघत होते. इंजिनियर विरुद्ध पहिलीचे गुरुजी, आणि मशीन त्यांचं.

"म्हणजे ती टोपी नाही, साक्षीदार आहे," शेवटी गुरुजी म्हणाले. "मग असं सांगा की. साक्षीदार आधीच उभा करावा लागतो. नंतर आणलेल्याचं कोर्टात कुणी ऐकत नाही. आमच्या केसेसमध्ये आम्ही तेच शिकलो. मारा रेघ."

मी वळले, तेवढ्यात त्यांनी बोट उगारलं. "पण हे पहिलीच्या पोरांना कळता कामा नये."

रेघ आधी पडली. वाळत घालायच्या दोरीसारखी सरळ. मग तिच्यावर एकेक अक्षर लागायला लागलं. या वेळी चहा कुणी घेतला नाही. दर अक्षराला मिसाळभाऊ ब्रशनं चुरा झाडायचे, मी तेल पुसायचे आणि गुरुजी वाकून बघायचे. "स लागला." "म लागला." मध्येच मिसाळभाऊंचा हात आपोआप मोटरीकडं गेला.

"भगवान! हात मागं!" गुरुजी ओरडले.

हात मागं गेला. "लई तापलीय ओ," ते काकुळतीनं म्हणाले.

"तापू द्या," मी म्हणाले. एखादी वस्तू तापल्याचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

शेवटचा 'य' रेघेला येऊन मिळाला तेव्हा गुरुजींनी पाटीवरून बोट फिरवलं. पाटी पोत्यात गुंडाळली, कॅरिअरला बांधली आणि सायकल हातात धरून, तिच्यावर न बसता, चालत निघाले.

दुसऱ्या दिवशी मी अनावरणाला गेले. आजारी पडायला सांगणारे पाठक साहेबही आले होते, हार घेऊन. 'आमचं रेट्रोफिट' असं त्यांनी चार-पाच जणांना सांगून झालं होतं. वाचनालयापुढं वस्ती जमलेली. मिसाळभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून पुढं उभे. ताट देणाऱ्या आजीबाईंनीच पडदा ओढला.

पाटी भिंतीला ठोकलेलीच नव्हती. पडवीच्या तुळईला दोन साखळ्या बांधून गुरुजींनी ती दारासमोर टांगली होती. वाऱ्यानं जरा हलत होती. रस्त्याच्या बाजूला 'समता वाचनालय', देखणं. टाळ्या झाल्या. लोक पाटीखालून आत जायला लागले. आत गेलेले मागं वळून बघायचे आणि जागीच थांबायचे.

मिसाळभाऊ आत जाऊन तसेच बाहेर पळत आले. "गुर्जी, मागची बाजू लोकांला दिसती की!"

"दिसावी म्हणूनच टांगली."

"कामून ओ?"

"आत येताना नाव वाचावं," गुरुजी म्हणाले. "बाहेर पडताना, बाहेर काय आहे ते."

"आन्‌ कुणी इचारलं, हे खोडलं कुणी? तर काय सांगू?"

गुरुजींनी मिसाळभाऊंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "सांग, चुकून खोडलं. कोरलं मात्र तिघांनी मिळून."

पाठक साहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. मागच्या बाजूला आपल्या फर्मचं नाव तर नाही ना, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

त्यानंतर नोकरीत मी बऱ्याच मशीनचे मेंदू बदलले. मिसाळभाऊंचं मशीन त्यातलं सगळ्यात छोटं. ग्राहकासाठी जे माहितीपत्रक लिहायचं असतं, त्यात तेव्हापासून मी पहिल्याच पानावर एक ओळ घालायला लागले: 'मोटर हाताला गरम लागेल. ती आजारी नाही.' पाठक साहेबांनी ती ओळ प्रोफेशनल वाटत नाही म्हणून दर वेळी काढली. मी दर वेळी परत घातली.